लच्चूबाईच्या सात्या

परत येऊन महिना झाला. जो भेटतो तो एकच विचारतो, "टिपेश्वरला जाऊन आलात म्हणे! वाघ दिसला का?" टिपेश्वरचं जंगल यवतमाळ जिल्ह्यात, मीही गेले होते यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे मी वाघच बघायला गेले असणार, असं आमच्या सांगलीकरांनी ठरवून टाकलंय. मी "नाही दिसला" म्हणते आणि भाजीचे भाव काढते. खरं सांगायचं तर बसावं लागेल, आणि बसून ऐकायला कुणाला वेळ आहे! म्हणून लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अळिंबी हा माझा विषय, त्यातही कुजक्या लाकडावर उगवणारी. निवृत्त झाल्यावर हा विषय मला कुणी म्हणजे कुणीच विचारला नाही. बहीण तर तोंडावर म्हणते, "कुत्र्याच्या छत्र्यांवर आयुष्य घालवलंस." त्यामुळं गणपतीच्या सुमारास विलासचा फोन आला तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण मला आनंदच झाला. विलास माझा जुना विद्यार्थी. मूळचा राळेगावकडचा, शिकायला सांगलीत राहिला, आता झरी जामणीत आश्रमशाळेवर मास्तर आहे.

"मॅडम, एक सात्या ओळखायची हाय," तो म्हणाला. आपण अळिंबी म्हणतो, तिकडं सात्या म्हणतात.

"फोटो पाठव."

"फोटो हाय, पन तुमीच शिकवलं ना, फोटोवर भरोसा ठेवायचा नाई म्हणून."

शिकवलं होतं खरं. फोटोवरून अळिंबी ओळखणारा आणि पत्रिकेवरून नवरी ओळखणारा, दोघांना मी एकाच रांगेत बसवते. मग त्यानं सगळं सांगितलं. रेखा म्हणून त्याची एक विद्यार्थिनी, कोलामाच्या पोडावर दिलेली. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. सासूनं आणलेल्या सात्या खाऊन ती मरता मरता वाचली. दवाखान्यातून परस्पर माहेरी गेली, चार वर्षांच्या पोरीला घेऊन. म्हणते, ती सात्या विषारी नव्हती असं शिकलेल्या माणसानं लिहून दिलं तरच परत येईन, नाहीतर सासूच्या हातचं खायचं नाही आणि पोरीलाही खाऊ द्यायचं नाही.

"आन बुढी हाय तं जेवन सोडून बसली," विलास म्हणाला. "पाच दिवस झाले, नुसत्या चहावर हाय. तुमी या मॅडम. नाईतं बुढी बी जाईन आन घर बी जाईन."

तिकीट काढलं. बहिणीनं कपाळावर हात मारला.

पांढरकवडा

वर्ध्यापर्यंतची रेल्वे आणि पुढची एस.टी. यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाय सुजले, एवढंच. पांढरकवड्याला सकाळी उतरले तर विलास मोटारसायकल घेऊन हजर. आधी त्यानं मला एका टपरीवर आलुबोंडा-रस्सा खायला घातला. आपला बटाटेवडा चटणीशी सोज्वळपणे बसतो. इथला तर्रीत बुडवून देतात आणि वर विचारतात, "रस्सा अजून देऊ का मॅडम?" माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि टपरीवाला प्रेमानं दुसरी पळी ओततोय. हैदराबादच्या रस्त्यानं ट्रक धडाधडा चालले होते, त्यांच्या कडेनं बैल निघाले होते, शिंगं अजून रंगवलेली. आमच्याकडं बेंदूर आषाढातच उरकतो, इथं पोळा श्रावण सरताना. शिंगांचा रंग पावसानं ओघळून बैलांच्या कानांवर आला होता.

झरीच्या रस्त्याला दोन्हीकडं कापूस. झाडं कमरेच्या वर गेलेली, हिरवीगार, आणि बघणाऱ्याला वाटावं, व्वा! पण विलास म्हणाला, "वरून हिरवी दिसते मॅडम, बोंड फोडून पाहा. अळी हाय आत." म्हणून यंदा फवारणीवर फवारणी चालली होती. ओळीओळीतून पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत होती, तोंडाला दुपट्टा, पाय उघडे. "लय लोकं आजारी पडून राह्यले फवारणीनं," विलास पुढं बघत बोलत होता. "घाम सुटते, तोंडातून लाळ गयते, डोळ्याले दिसत नाई. काही तं गेले." मी "अरेरे" म्हटलं. मनापासून म्हटलं, नाही असं नाही. पण माझं चित्त त्या सात्यांत होतं. लाकडावरची विषारी जात इकडं कुठली सापडावी, याचाच विचार चालला होता, आणि नवी सापडली तर आपलं नाव होईल हाही. माणूस किती हलका असतो ते म्हातारपणी कळतं.

झरीच्या अलीकडं गाडी काळ्या चिखलात घसरली. लागलं कुणाला नाही, पण माझ्या उजव्या बुटाचा तळ चिखलानं ठेवून घेतला. आपल्याकडची मळीची जमीन पाय धरते आणि सोडते. ही सोडत नाही. पुढं तीन दिवस मी विलासच्या बायकोच्या चपला घालून फिरले.

झरी

विलासची बायको शालू. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं, आणि ओट्यावर ज्वारीच्या भाकरींची चळत. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, ठेचा. मी ठेच्याला हात लावला नाही. सकाळची शिक्षा पुरे होती. आपण आईला 'म्हातारी' म्हटलं तर कानाखाली बसेल. इथं विलास स्वतःच्या आईबद्दल बोलताना "आमची बुढी" म्हणतो आणि त्यात माया असते, हेही जेवताना कळलं.

रेखाला काय झालं होतं ते शालूनं सांगितलं. दुपारी सासूबरोबर जेवली (नवरा वावरात, पोरगी झोपलेली), उन्हं उतरायच्या आत घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात विचारलं काय खाल्लं, नवऱ्यानं सांगितलं सात्या. सुया दिल्या, वाचली.

"अशी लक्षणं करणाऱ्या जाती आहेत," मी म्हणाले. "पण त्या जमिनीवर उगवतात. लाकडावरची अशी मला तरी ठाऊक नाही."

"म्हणजे नवीन असन!" विलास म्हणाला, आणि मीही मान डोलावली. माझं ज्ञान मला सांगत होतं की हे जुळत नाही, आणि मी त्याचा अर्थ काय काढला, तर नवीन जात. तिथंच थांबून विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

पोड

पोड म्हणजे पंचवीसेक घरं, सागाच्या जंगलाला टेकून. सागाला फुलोरा आला होता. घरांच्या भिंती पराटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या काड्या उभ्या करून वर माती लिंपलेली. आपल्याकडं ऊस तोडला की पाला पेटवतात. इथं कापूस वेचून झाला की झाड उपटून घरी आणतात, त्याची भिंत होते, कुंपण होतं, चूल पेटते. पोडाचा नाईक, म्हणजे वस्तीचा प्रमुख, खाटेवर बसला होता. त्यानं मला बसायला सांगितलं आणि लच्चूबाईबद्दल सांगितलं.

पावसाळ्यात सात्या कुणालाही सापडोत, टोपली आधी लच्चूबाईच्या अंगणात यायची. ती टोपलीकडं बघायच्या आधी विचारायची, कोन्या झाडाची? मोहाची, सालईची, तेंदूची चालेल. बिब्याच्या झाडावरची असेल तर टोपलीत हातसुद्धा घालायची नाही, टाकून द्यायला लावायची. झाड कळलं की मग वास घ्यायची, मोडून बघायची, आणि मान हलवली की अख्खं पोड शिजवायचं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. "तिनं हो म्हनलं आन कोनाचं पोट दुखलं, असं नाई झालं कदी," नाईक म्हणाला. "आता कोनी टोपली नेत नाई. दोन-चार घरांनी तं सात्याच सोडल्या. पावसाळ्यात दुसरं काय हाय आमाले?"

लच्चूबाई दाराशी बसली होती. साठीची असेल, काटकी, चेहऱ्यावर गोंदण. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चपलांपाशी थांबली. "दुसऱ्याच्या घालून आली काय?" म्हणाली. आठ दिवस न जेवलेल्या बाईला एवढं दिसतं! मी बुटाची गोष्ट सांगितली तर ओठ जरा हलले तिचे.

"त्या दिवशीच्या सात्या उरल्यात का?"

उरल्या होत्या. जास्तीच्या तिनं चुलीवरच्या शिंक्यात वाळत टाकल्या होत्या. तिनं मूठभर काढून माझ्यापुढं ठेवल्या. नखाएवढ्या, पंख्यासारख्या, पाठीवर राखाडी-पांढरी लव, कडा आत वळलेल्या. मी त्या पाहताक्षणी ओळखल्या. नवीन जात कसली, जगात सगळीकडं उगवणारी साधी अळिंबी! पण नुसत्या नजरेवर जायचं नाही. मी वाटीभर पाणी मागितलं आणि एक त्यात टाकली.

बायापोरं भोवती गोळा झाली. नाईक खाट सोडून आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग वाळून कडक झालेली ती सात्या हळूहळू उलगडायला लागली. मी ती उलटी करून भिंग धरलं आणि एकेकाला दाखवलं. खालची प्रत्येक पाती मधोमध उभी चिरलेली. वाळली की दोन्ही भाग बाहेर वळतात, भिजली की मिटतात. लाकडावरच्या छत्र्यांत असं करणारी ही एकच.

"ही विषारी नाही," मी म्हणाले. "चिवट असते, पण लोक खातात. पूर्वेकडं तर बाजारात विकतात."

"म्हनजे बुढीची चूक नाई?" नाईकानं विचारलं.

"नाही."

लच्चूबाई पदर तोंडाला लावून तशीच बसली, खांदे हलत होते. शेजारच्या एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला नंतर कळलं की आठ दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. मग ती उठली, स्वतः काळा चहा केला, मला दिला आणि माझ्यासमोर बसून भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मला इतकं भरून आलं! शिक्षकी पेशात असा दिवस मला कधी मिळाला नव्हता.

चहा पिता पिता ती म्हणाली, "बाई, तू इचारलं नाई. ते कोन्या लाकडावरची..."

"लाकडाचं राहू द्या हो," मी म्हणाले. "तुमच्या सासूबाईंनी अनुभवानं नियम केले, चांगलेच आहेत. पण ही जात कुठल्याही लाकडावर आली तरी तीच. विष जातीत असतं, लाकडात नसतं."

"तू शिकेल हायस," ती म्हणाली.

मी कागदावर सगळं लिहिलं. शास्त्रीय नाव, लक्षणं, खाण्यास योग्य, खाली सही. विलासनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रेखाच्या माहेरी जाऊन तिला घेऊन येणार होता.

बांध

सकाळी मी लच्चूबाईला म्हटलं, मला माझ्या संग्रहासाठी ताज्या हव्यात, जागा दाखवा. ती खुशीत निघाली. वाटेत दोन बायांनी तिला हाक मारून थांबवलं, तिनं मला मुद्दाम सांगितलं, "पाह्यलं काय? बोलून राह्यल्या." मला वाटलं आता जंगलात शिरणार. तर ती पोडाच्या मागून कापसाच्या वावरात उतरली.

"इकडं कुठं?"

"इथंच तं हाय. मी तण निंदाले आलती, परत जाता जाता दिसल्या. ढीग नुसता पांढरा झालता."

बांधाच्या टोकाला विहीर, विहिरीपाशी निळा ड्रम, आणि पलीकडं गेल्या सालच्या पराट्यांचा मोठा ढीग, पावसानं काळा पडलेला. त्याच्यावर सात्याच सात्या. पण माझं लक्ष सात्यांकडं गेलंच नाही. आधी वास आला, घशाला झोंबणारा. मग ड्रमभोवतीच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या, फाटलेली पाकिटं दिसली. आणि ढिगाचं एक अंग असं दिसलं की त्याच्यावर काहीतरी रोज ओततात, खाली निळसर पांढरा ओघळ जमलाय.

ओळीतून एक माणूस पंप घेऊन आला. लच्चूबाईचा मुलगा मारोती, रेखाचा नवरा. रोजानं फवारणीला जातो. तोंडावरचा दुपट्टा खाली करून त्यानं मला नमस्कार केला.

"मारोती, या ढिगावर काय ओततोस?" मी विचारलं.

"पंप धुतो ना मॅडम, ते पानी. उरलंसुरलं औषध बी." त्याच्या बोलण्यात थोडा अभिमान होता. "बाकीचे बांधावरच ओततात. बांधावर गवत हाय, ढोरं चरतात. विहिरीकडं टाकलं तं पानी खराब होते. मी म्हनलं, पराटीच्या ढिगावर कोन येते खाले? म्हून इथं टाकतो मी."

मी लच्चूबाईकडं बघितलं. तीही मारोतीकडंच बघत होती. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मारोतीला वेळ लागला. त्यानं आईला कोलामीत काही विचारलं, तिनं ढिगाकडं बोट केलं. सात्या म्हणजे जंगलातल्याच, असं तो धरून चालला होता. तिनं त्या कुठून आणल्या ते कुणी तिला विचारलंच नव्हतं. विचारणारी ती एकटीच असायची. मारोतीनं पंप पाठीवरून काढला आणि हात विजारीला पुसायला लागला. पुसतच राहिला.

"पराटी काय झाड हाय का, बाई?" लच्चूबाई माझ्याशी बोलायला लागली. "बिब्याले भेवाव, हे सासूनं सांगतलं. पराटीचं कोनी नाई सांगतलं. माह्या घराच्या भिती पराटीच्या. चुलीत पराटी. तिच्याच आडोशाले पोरं झाली मले. तिले कोन इचारते, तू चांगली हायस का वाईट म्हून?"

काल हीच बाई मला लाकूड सांगायला निघाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं, भाषण ठोकून!

ती खाली बसली. मग म्हणाली, "त्या रोजी मले बी ओकाऱ्या झाल्या. घराच्या मांगं जाऊन ओकली. सांगतलं नाई कोनाले."

"का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं म्हनले असते, बुढीले आता वयखता येत नाई." तिनं जमिनीवर हात आपटला. "माह्यं पोट मले सांगून राह्यलं होतं बाई, आन मी त्याले चूप केलं. तेव्हाच बोलली असती तं रेखा घास टाकून उठली असती. ती जेवतच होती."

मी मारोतीला विचारलं, त्या दिवशी रेखा वावरात होती का? होती. फवारणीला ड्रममध्ये पाणी भरून देत होती सकाळपासून, त्याच ड्रममध्ये हात घालून. म्हणजे आता तेही धरायचं. सात्यांतून गेलं की हातांतून, कुणी सांगावं? विषाला काय, दोन्ही वाटा मोकळ्याच होत्या. मला एवढंच माहीत होतं की माझा कागद खिशात घालून विलास सकाळीच निघाला होता.

रेखा

ती दुपारी आली. विलासच्या मागं बसून, पोरीला कडेवर घेऊन, डोक्याला तेल लावून, नवी बांगडी घालून. अशी नटून आली म्हणजे परत यायची तिलाही हौस होतीच. आठवीपर्यंत शिकलेली, कागद तिनं स्वतः वाचला होता. उतरल्या उतरल्या ती लच्चूबाईच्या पाया पडायला वाकली, आणि लच्चूबाईनं पाय मागं ओढून घेतले.

मग लच्चूबाईनं तिला सगळं सांगितलं. कोलामीत सांगितलं, मला एक अक्षर कळलं नाही, पण कळायचं काय होतं? रेखाचा चेहरा मी बघत होते. ढिगाचं आलं तेव्हा तिनं मारोतीकडं पाहिलं. ओकाऱ्यांचं आलं तेव्हा मात्र ती सासूकडं अशी पाहायला लागली की मारोती मध्ये येऊन उभा राहिला.

मग ती माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदात लिहलं हाय, सात्या विषारी नाई."

"हो."

"ते बराबर हाय का?"

"बरोबर आहे."

"मंग मी मरता मरता वाचली ते कायनं?"

विलास खाली बघत होता. मी म्हणाले, "ढिगावरच्या औषधानं, नाहीतर ड्रममधल्या पाण्यानं. नक्की कशानं ते मला सांगता येत नाही."

"तुमाले बी येत नाई?"

"नाही."

पिशवी अजून तिच्या हातातच होती. मला वाटलं, आता पोरीला उचलेल आणि चालायला लागेल. विलासनंही गाडीची किल्ली काढली होती. पण ती म्हणाली, "जाऊन तरी कुठं जाऊ, सर? माहेरी बी कापूसच हाय. भाऊ बी पंपच घेऊन जाते." आणि तिनं पिशवी घरात ठेवली. मारोतीच्या अंगातला सदरा तिनं सगळ्यांदेखत काढायला लावला आणि दूर नेऊन काठीनं बादलीत बुडवला.

मग अंगणातले तीन दगड उचलून तिनं भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नवी चूल मांडली. भांडण नाही, शिवीगाळ नाही. मारोती म्हणाला, "एका घरात दोन चुली कायले?" ती म्हणाली, "मले भेव वाटते." एवढंच. लच्चूबाई दाराशी बसून ते दगड मांडताना बघत होती. विलासनं तिला भाकरी खायला सांगितली. तिनं ऐकलं नाही, आणि पुन्हा सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. येताना घर जोडायला आले होते मी.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले. पोडावर ढिगाची गोष्ट अजून सगळीकडं पोचली नव्हती, कागदाची मात्र पोचली होती. सांगलीहून आलेल्या बाईनं लिहून दिलं, बुढी खरी निघाली, एवढंच लोकांना ठाऊक. म्हणून जंगूबाई नावाची एक तरुण बाई टोपली घेऊन आली. नऊ-दहा दिवसांत पहिली टोपली.

तिनं ती लच्चूबाईपुढं ठेवली आणि न विचारताच सांगितलं, "मोहाची हाय माय. तिकडल्या नाल्याजवळ खोड पडलं ना जुनं, त्याच्यावरची. आत जंगलात."

मी वाकून बघितलं. पांढऱ्याशुभ्र, शिंपल्यासारख्या, एकावर एक आलेल्या, मांसल. दवानं ओल्या. अशी धिंगरी शहरात हॉटेलवाले शोधत फिरतात.

लच्चूबाईनं टोपलीत हात घातला नाही. वासही घेतला नाही. जंगूबाई म्हणाली, "पाहा ना माय." तिनं मान वळवली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "मले नाई समजत आता. त्या बाईले इचार."

"मायले काय झालं?" जंगूबाईनं मला विचारलं. तिनं टोपली माझ्यापुढं केली. मी एक उचलली, देठ पाहिला, खालच्या पात्या पाहिल्या, वास घेतला.

"धिंगरी आहे," मी म्हणाले.

"नाव ठीक हाय, मॅडम. पोराईले चारू का?"

नाल्याच्या वरच्या अंगाला कुणाचं वावर आहे का, हे मला माहीत नव्हतं. पावसाचं पाणी कुठून कुठं वाहतं, ते माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं मी पोरांना अळिंबी ओळखायला शिकवलं, आणि त्या बाईला "चार" एवढं दोन अक्षरी उत्तर माझ्या तोंडातून निघेना. मी लच्चूबाईकडं बघितलं. ती भिंतीकडंच बघत होती. नव्या चुलीपाशी रेखा हातातलं काम थांबवून ऐकत होती. विलास गाडी सुरू करून उभा होता.

जंगूबाईनं टोपली उचलली, चार पावलं चालली आणि उकिरड्यावर पालथी केली.

चांगल्या होत्या त्या. आता मला खात्री आहे. परतताना मी विलासला गाडी थांबवायला लावून तो नाला बघून आले, वर नुसतं जंगल आहे, एक वावर नाही. परत फिरून सांगायला हवं होतं. विलास म्हणाला, चला, पोडावर मागं जाऊ. मी म्हणाले, नको, गाडी चुकेल.